निळ्या पोटाचा चेंडू

मित्रांनो, कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत काचेची एक पेटी आहे. तिच्यात उजवीकडून दुसरा, अर्धा कापून ठेवलेला गोल्फचा चेंडू तुम्हाला दिसेल. तो मी. चेंडू म्हटला की उड्या, धावपळ, टाळ्या असे काहीतरी तुमच्या मनात येत असेल. त्यातले काहीच माझ्या वाट्याला आले नाही. हिरवळ कशी असते ते मी पाहिलेले नाही आणि काठीचा एकही टोला मी खाल्लेला नाही. माझे सगळे आयुष्य या एका कारखान्यात गेले, त्यातला पहिला महिना तर एका बटणात. ती हकिगत ऐकायला गोड नाही, पण मला तेवढीच येते.

मी मुळात रबर. मळकट पांढऱ्या रंगाचे, मोठमोठ्या साबणाच्या वड्यांसारखे दिसणारे रबर गाडीतून येते आणि दोन लोखंडी रोलरांमध्ये कणकेसारखे मळले जाते. मळताना त्यात तऱ्हेतऱ्हेच्या पावडरी घालतात. काही पावडरींमुळे रबर उष्णतेने टणक होते, काहींमुळे वजन येते. शेवटी रंग घालतात. मऊ चेंडूच्या रबराला निळा आणि कडक चेंडूच्या रबराला नारिंगी. हा रंग खेळणाऱ्यासाठी नसतो. कामगारांची गल्लत होऊ नये एवढ्यासाठीच तो असतो, कारण नंतर वरून पांढरे कवच बसते आणि आतले रबर कुणी बघत नाही. मळलेल्या रबराची लांब वळकटी निघते आणि पाते तिचे अंगठ्याएवढे तुकडे पाडते. या तुकड्यांना आमच्याकडे गट्टू म्हणतात. मी निळा गट्टू होतो.

माझ्याबरोबरचे गट्टू त्याच दिवशी प्रेसमध्ये गेले. प्रेस म्हणजे दोन जाड पोलादी पाट्या. खालच्या पाटीत शंभर वाट्या, वरच्या पाटीत शंभर वाट्या. शंभर गट्टू आधी ट्रेमध्ये मांडायचे, ट्रे साच्यावर लावून प्रत्येक वाटीत एक गट्टू उभा सोडायचा, वरची पाटी खाली आणायची आणि आत चांगलाच ताव द्यायचा. पाच मिनिटांनी प्रेस उघडली की गट्टूंचे गोल गरगरीत गोळे झालेले असतात. हा झाला एक घाणा. चेंडूचा जीव तो हाच. टोला बसल्यावर क्षणभर चेपायचे आणि लगेच उसळायचे, हे काम या गोळ्याचे.

या प्रेसला दोन बटणे असतात, हे नीट ध्यानात घ्या. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकाच वेळी दाबून धरली तरच पाटी खाली येते. म्हणजे पाटी खाली येत असताना बाईचे दोन्ही हात बटणांवर असतात, साच्याच्या बाहेर असतात. ज्या कुणी ही युक्ती काढली, त्याला हातांची पारख होती.

पण दोन्ही हात असे अडकून पडले की तेवढा वेळ दुसरे काम होत नाही, आणि ते आकडेसाहेबांना परवडत नसे. आकडेसाहेब म्हणजे प्रेस विभागाचे सुपरवायझर. त्यांचे खरे नाव कुणी घेत नसे. सकाळी समोर आले की नमस्काराच्या जागी "आकडा किती झाला?" असे विचारायचे, म्हणून हे नाव पडले. माणूस मनाने वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असले की आपणहून चौकशी करायचे. मात्र वरून आलेला आकडा खाली देताना मधे कुठे हात आखडावा, हे त्यांना कधी जमले नाही. एका बाईने एका प्रेसवर पाळीला साठ घाणे काढायचे, असा तो आकडा होता.

त्यावर त्यांनी तोड काढली. उजव्या बटणाभोवती लोखंडी कडे होते. आकडेसाहेबांनी बटण दाबले, ट्रेमधला एक गट्टू उचलला आणि कड्यात ठोसून बसवला. बटण दाबलेलेच राहिले. आता डाव्या हाताने एकच बटण दाबले की प्रेस चालू, आणि उजवा हात पुढचा ट्रे भरायला मोकळा. चारही प्रेसवर त्यांनी तसेच केले. तिसऱ्या प्रेसच्या बटणात जो गट्टू बसला, तो मी.

खरे सांगतो, तेव्हा मला जरा बरेच वाटले होते. बाकीचे वाटीत जाऊन भाजले गेले आणि मी मात्र बाहेर, सगळे बघत बसलेलो. माझ्यामुळे काम भराभर होत होते. आकडेसाहेब जाता येता मला बोटाने चाचपायचे, नीट बसलोय ना ते बघायचे. महिनाभर मी तिथे होतो. निळा माल संपला, नारिंगी सुरू झाला, बाकीच्या तीन बटणांतल्या झिजलेल्या गट्टूंच्या जागी नारिंगी बसले, तरी मी निळाच तिथे राहिलो. कुणी कौतुक केले की आपल्या हातून काय होते आहे हे बघायचे भान राहत नाही, हे मला फार उशिरा कळले.

तिसरी प्रेस ताईची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून विभागातल्या सगळ्या तिला ताई म्हणायच्या. बारा वर्षे याच प्रेसवर होती. तोंडाने फटकळ, पण कामात चोख. शंभर गट्टू ती बघता बघता लावायची आणि लावता लावता शेजारणीची फिरकी घ्यायची. "तुझे गट्टू बघ, लग्नाच्या पंगतीला उशिरा आल्यासारखे बसलेत," असे काहीतरी. घरी एक लेक होती, नुकतीच एकोणीस वर्षांची झालेली. कमावणारे दुसरे कुणी नव्हते.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायला थोडा अवकाश होता. सकाळी वीज गेल्यामुळे पाच घाणे मागे पडले होते आणि आकडेसाहेब दोनदा येऊन गेले होते. ताईने ट्रे लावला. कडेचा एक गट्टू वाटीत तिरका बसला. तिरका गट्टू तसाच दाबला की चेंडू वाकडा निघतो. ताईने उजव्या हाताने तो सरळ केला, तसा ती दिवसातून वीसदा करायची. डावा हात सवयीने बटणावर गेला. दुसरे बटण दाबून धरायला मी होतोच.

पुढचे मी सविस्तर सांगणार नाही. पाटी जड होती आणि तापलेली होती. शेजारच्या बाईने धावत येऊन प्रेस उघडली तेव्हा ताईच्या उजव्या हाताची चार बोटे गेलेली होती. अंगठा तेवढा राहिला. ताई ओरडलीसुद्धा नाही. "माझ्या लेकीला आत्ता कळवू नका," एवढेच ती म्हणाली आणि खाली बसली.

सगळ्या जणी तिला घेऊन दवाखान्याकडे गेल्या. विभागात आकडेसाहेब एकटे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बाकीच्या प्रेसच्या बटणांतले गट्टू उपटून ट्रेमध्ये टाकले. शेवटी त्यांनी मला काढले. मी निळा, ट्रेमधले सगळे नारिंगी. मला तिथे टाकता येईना. मला मुठीत धरून ते इकडेतिकडे बघत राहिले. अपघात झाला की सरकारी निरीक्षक येतात, दुपारीच येणार, हे त्यांना ठाऊक होते. मग त्यांचे लक्ष साच्याकडे गेले. नव्याण्णव वाट्या भरलेल्या होत्या. ताईने जो गट्टू सरळ केला होता, तो उडून कुठेतरी पडला होता आणि त्याची वाटी रिकामी होती. आकडेसाहेबांनी फडक्याने साचा पुसला, मला त्या वाटीत ठेवले आणि दोन्ही बटणे दोन हातांनी दाबली. त्या महिन्यात त्या प्रेसची दोन्ही बटणे माणसाच्या हातांनी दाबली गेली ती तेवढीच.

मित्रांनो, असा मी चेंडू झालो. घासून माझी कड काढली. मग मला दुसऱ्या साच्यात मधोमध सुयांवर धरले आणि भोवती वितळलेले कवच ओतले. कवच थिजता थिजता सुया हळूच मागे गेल्या. त्याच साच्याने माझ्या अंगावर तीनशे बत्तीस खळ्या पाडल्या. या खळ्या शोभेच्या नव्हेत. त्यांच्यामुळे हवा अंगाला बिलगून मागे सरकते आणि चेंडू लांब जातो. गुळगुळीत चेंडू निम्म्या वाटेतच खाली येईल. मग पांढऱ्या रंगाचे दोन हात, त्यावर छाप, त्यावर चकचकीत लाख. सेहेचाळीस ग्रॅमला थोडेसे कमी भरलो. मी इतका शुभ्र आणि देखणा दिसत होतो की माझी मलाच लाज वाटली.

मला रंग देत होते तेव्हा निरीक्षक येऊन गेले. त्यांनी डावे बटण दाबून पाहिले, उजवे दाबून पाहिले. दोन्ही उत्तम चालत होती. त्यांनी कागदावर लिहिले, "यंत्र सुस्थितीत. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे." बटणात काय होते ते बाकीच्या प्रेसवरच्या तीन बायकांना माहीत होते. त्या तिघींनाही दुसऱ्या दिवशी कामावर यायचे होते.

मी बाजारात गेलो नाही, कारण मी एकीकडे जड निघालो. महिनाभर बाहेर राहिलेले रबर नीट पसरत नाही. चेंडू तोललेला आहे का, हे बघायची साधी रीत आहे. टबात मिठाचे दाट पाणी करतात, चेंडू त्यात तरंगवतात आणि वर आलेल्या जागी ठिपका देतात. मग गिरकी द्यायची. ठिपका दर वेळी वेगळीकडे गेला तर चेंडू चांगला. माझा ठिपका दर वेळी परत वर यायचा. तपासणाऱ्या बाईने मला तीनदा फिरवले आणि नापास मालाच्या पेटीत टाकले. पेटीवर त्या दिवसाच्या तारखेचे आणि पाळीचे कार्ड लावलेले होते. पेटी कोपऱ्यात सरकवली गेली आणि माझ्यावर धूळ बसत राहिली.

अडीच महिन्यांनी ताई परत आली. तिच्यापुढे कागद ठेवला गेला होता. चूक माझी, यंत्र ठीक होते, माझी तक्रार नाही, असे त्यात लिहिलेले होते. सही केली तर पाहुण्यांच्या खोलीत बसून करायचे हलके काम, आणि प्रेसवर तिच्या जागी लेकीला नोकरी. ताईने डाव्या हाताने सही केली. ती तिने पहिल्यांदाच डाव्या हाताने केली होती, त्यामुळे वाकडीतिकडी आली. पण सही ती सहीच.

खोलीत शाळेच्या सहली येत. चेंडू कसा बनतो ते ताईने मुलांना दाखवायचे. काय बोलायचे ते ऑफिसातून लिहून आले होते. उजवा हात एप्रनच्या खिशात ठेवायचा, मुले घाबरतात, हेही सांगून झाले होते. तिथल्या काचेच्या पेटीत ठेवायला एक कापलेला चेंडू हवा होता, म्हणून ती नापास मालाच्या पेटीपाशी आली. हात घातला आणि मी निघालो.

तिने मला टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळले आणि डाव्या हाताने करवत चालवू लागली. करवत घसरत होती. अर्ध्या तासाने माझे दोन तुकडे झाले. पांढऱ्या कवचाच्या आत माझे निळे पोट उघडे पडले.

ताई बघतच राहिली. मग तिने नापास मालाच्या पेटीवरचे कार्ड वाचले. पुन्हा माझ्याकडे पाहिले. त्या पाळीला सगळा माल नारिंगी होता, हे तिच्याइतके कुणाला माहीत असणार? त्या दिवशी अख्ख्या विभागात निळे रबर एकाच जागी होते. ती स्टुलावर बसली आणि माझा एक तुकडा गालाशी धरून रडली. माझ्यावर चिडायचे सोडून ती रडली, हे मला सोसवेना. मला बोलता येत असते तर तेव्हाच बोललो असतो.

ती आकडेसाहेबांकडे गेली. तिने माझा तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला.

"ताई, चेंडूच्या पोटातला रंग कोण बघतं गं?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "झालं ते झालं. मलाही झोप लागत नाही. पण सही तू केलीस. पोरीचं बस्तान बसलंय, तिचं नुकसान कशाला करतेस?"

"पोरीच्या बटणात काय आहे, साहेब?"

आकडेसाहेबांनी कागद चाळायला घेतले.

जेवणाच्या सुट्टीत लेक डबा घेऊन खोलीत आली, तेव्हा ताईने तिलाही तेच विचारले. लेकीने घास चावता चावता सांगितले, "गट्टू आहे. सगळ्यांच्याच आहे, आई. नाहीतर साठ घाणे व्हायचे कसे? मी बघून करते गं. तुझ्यासारखी घाई नाही करत."

हे बोलल्यावर तिचे तिलाच वाईट वाटले आणि तिने मान खाली घातली.  ताईने लेकीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. जेवायला हात लागतो, म्हणून लेकीनेच तो शेवटी सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी ताई रजा टाकून निरीक्षकांच्या ऑफिसात गेली. माझे दोन्ही तुकडे रुमालात बांधलेले होते. निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग फाईल काढली.

"हा निळा तुकडा बटणातलाच, कशावरून?"

"त्या दिवशी दुसरं निळं नव्हतंच, साहेब."

"कुणी पाहिलं?"

"तिघींनी. पण त्या सांगायच्या नाहीत. मी तरी कुठे सांगितलं?"

निरीक्षकांनी फाईल तिच्याकडे वळवली. खाली तिची वाकडीतिकडी सही होती, शेजारी त्यांची सरळ सही होती. दोघांनीही ती पाहिली. "मी अचानक येऊन पाहणी करतो," ते म्हणाले, "एवढं माझ्या हातात आहे." ताई उठायच्या आत त्यांनी फोन उचलला आणि गुरुवारी अकरा वाजता अचानक येतो, असे कारखान्याला कळवले. त्यात आपण काही वावगे करतो आहोत, असे त्यांना वाटले नाही. तशी पद्धतच होती.

गुरुवारी अकरा वाजता चारही प्रेसची बटणे लखलखीत होती. साडेबाराला निरीक्षक गेले आणि एक वाजता गट्टू पुन्हा बसले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या असण्याचा फार राग आला. माझ्या पोटात खरे काय ते होते, ते सगळ्यांना दिसत होते, आणि त्याने एक बटणसुद्धा मोकळे होत नव्हते.

ताईने त्या संध्याकाळी लेकीला नोकरी सोडायला सांगितले. लेक म्हणाली, "सोडून खायचं काय?"  

शुक्रवारी सकाळी ताई पाहुण्यांच्या खोलीत थांबलीच नाही. तिने माझा एक तुकडा काचेच्या पेटीत ठेवला आणि दुसरा एप्रनच्या उजव्या खिशात टाकला. म्हणून मला दोन्हीकडचे दिसते. ती सरळ तिसऱ्या प्रेसपाशी गेली. स्क्रू ड्रायव्हरने बटणातला नारिंगी गट्टू उपटला आणि आकडेसाहेबांच्या हातावर ठेवला. मग लेकीच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि आपला डावा हात त्या मोकळ्या बटणावर ठेवला.

"हे काय चाललंय?" आकडेसाहेब म्हणाले. "तुझं काम तिकडे आहे."

"पाहुणे असले की तिकडे जाईन, आणि तेवढा वेळ ही प्रेस बंद. पाहुणे नसले की माझा हात रिकामाच असतो. एकच आहे, पण रिकामा आहे. तुमचा आकडा होईल."

विभागातल्या सगळ्या जणी काम थांबवून बघत होत्या. आकडेसाहेबांनी त्या बायकांकडे पाहिले, हातातल्या गट्टूकडे पाहिले आणि तो खिशात टाकून निघून गेले. महिनाअखेरीस तिसऱ्या प्रेसचा आकडा इतरांच्या बरोबरीने भरला, तेव्हापासून कुणी हरकत घेतली नाही. बाकीच्या तीन प्रेसवर गट्टू अजून तसेच आहेत. तिथल्या बायकांनी शेजारी उभी राहायला आई कुठून आणायची?

माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. माझे तसे मागणे नाही. मला फेकलेत तरी चालेल, मी रबर आहे. पण मित्रांनो, तुम्ही सहलीला कुठल्याही कारखान्यात गेलात तर यंत्र मागाहून बघा. आधी त्यावर काम करणाऱ्या माणसाचे हात कुठे आहेत ते बघा, आणि काही वेडेवाकडे दिसले तर तिथल्या तिथे मोठ्याने विचारा. मोठी माणसे नुसती बघतात. मीही एक महिना नुसता बघत होतो.

तिसऱ्या प्रेसवर आता दोघींचे मिळून तीन हात आहेत. लेक ट्रे लावते, तिरके बसलेले गट्टू सरळ करते, डावा हात बटणावर ठेवते आणि उजवा हात वर धरते. ताई लगेच दाबत नाही. ती लेकीची बोटे मोजते, बटणावरची पाच, वर धरलेली पाच. ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन करत दहापर्यंत जाते आणि मगच बटण दाबते. पाटी खाली येऊ लागली की लेकीचा उजवा हात पुढचा ट्रे भरायला लागतो. लेक कधी कधी वैतागते. "आहेत गं सगळी, आई. मगाशीच मोजलीस ना?"  प्रेस उघडते, तयार गोळे बाहेर पडतात, नवा ट्रे लागतो आणि ताई पुन्हा एकपासून मोजायला लागते.